डिकीतला मुका ढोल

लेझीमच्या तालमीला पहिल्या रविवारी जे आले होते त्यांना तो प्रसंग आठवत असेल. जे नव्हते त्यांच्या कानावर एव्हाना गेलाच असेल. मी जे बोललो ते सर्वांसमोर बोललो, तेव्हा पुढचंही सर्वांसमोर सांगायला हवं, म्हणून संपादकांकडून ही जागा मागून घेतली.

आपल्या वाखनिंगनला रेल्वे येत नाही. स्टेशन एडेला, तिथून बस. त्यामुळे गणपतीचं मखर असो की महाप्रसादाची पातेली, मंडळाचा सगळा भार माझ्या जुन्या गाडीवर. तीन वर्षांपूर्वी तिच्या डिकीत मी स्वतः एक वापरलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर बसवला. उघड्यावर साध्या स्पीकरमधून ढोलाचा ठेका पोचत नाही, आणि ठेका नसला की मुलांची पावलं चुकतात.

त्या रविवारी डिकी उघडली, रेकॉर्डिंग लावलं. पुढचे स्पीकर किणकिणत होते, मागे हूं नाही की चूं नाही. मुलं लेझीम उचलून उभी. मला आठवलं ते ५ मे. त्या दिवशी आपल्या गावात सगळीकडेच दणदणाट असतो (१९४५ साली इथल्याच हॉटेल दे वेरेल्डमध्ये जर्मन शरणागतीची बोलणी झाली, त्याचा उत्सव), आणि त्या संध्याकाळी मंडळातल्याच एका सतरा वर्षांच्या मुलाने माझी किल्ली मागून घेऊन गाडीत मित्रांबरोबर गाणी लावली होती. "तूच कॉइल जाळलीस," मी म्हणालो. तो काही सांगू लागला, तर "पुरे" म्हणून तोडलं. त्याची आई काही बोलली नाही. चहाचे थर्मास गोळा करू लागली. लहानांची रांग तोच सांभाळतो. त्या दिवशी तो निघून गेला आणि तालीम टाळ्यांवर झाली.

सोमवारी रात्री जेवणं झाल्यावर मल्टिमीटर घेऊन डिकीत शिरलो. खरं सांगायचं तर पुरावा शोधायला. सबवूफरच्या दोन्ही वायरी अ‍ॅम्प्लिफायरमधून सोडवल्या आणि त्यांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवला. 'धप्' असा आवाज आला, पडदा हलला. मीटरवर कॉइलचा रोध ३.६ ओहम. चार ओहमच्या स्पीकरला साधारण एवढाच असतो. जळलेल्या कॉइलला वार्निश करपल्याचा वास येतो, तोही नाही. माझा आरोप तिथेच संपला. फोन तेव्हाच करायला हवा होता. केला नाही. म्हटलं, अ‍ॅम्प्लिफायर जाळला असेल!

बॅटरीजवळचा मोठा फ्यूज शाबूत होता. रेडिओ चालू केला की एका बारीक निळ्या वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरला 'जागा हो' असा १२ व्होल्टचा इशारा जातो, तोही पोचत होता. जाड लाल वायर आणि अर्थ यांच्यामध्ये १२.४ व्होल्ट. सगळं ठीक, तरी दिवा एकदा लुकलुकायचा आणि विझायचा. इथे बरेच जण नवा अ‍ॅम्प्लिफायर आणतात. मीही जाहिराती चाळायला लागलो होतो.

मग लक्षात आलं की ते १२.४ मी रेडिओ बंद असताना मोजले होते. चालू करताना मोजले तर ५ वर आले. गावाकडे नळाला पाणी नसतं तेव्हा तोटीशी बोट धरलं तर दाब वाटतो, पण बादली लावली की धार तुटते, त्यातलाच प्रकार. आता मीटरची एक तार अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थला आणि दुसरी गाडीच्या उघड्या पत्र्याला लावली. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. त्या लुकलुकण्याच्या क्षणी आले ७ व्होल्ट.

अर्थची वायर मी गालिच्याखाली पत्र्याला आवळली होती, रंग न खरवडता. स्क्रूच्या आट्यांचा पत्र्याला जेवढा स्पर्श झाला तेवढ्यावर तीन वर्षं भागलं. त्यात ओल्या छत्र्या, सहलीचे बूट आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ. क्लोराइड, ओल आणि लोखंड एकत्र आल्यावर काय होतं यावर मी परीक्षेत गुण मिळवलेले आहेत. स्क्रू काढला तर बोटांना तांबडी भुकटी लागली.

बॅटरीची ऋण तार आधी सोडवली, पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिशपेपरने घासला, दातेरी वॉशर घालून नवा बोल्ट आवळला, वरून ग्रीस. पावणेअकराला ढोल वाजला. शेजारच्या आजींसाठी लगेच बंद केला.

मंगळवारी सायकलवरून त्यांच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडलं. मी झालं ते सांगितलं, चूक माझी होती म्हणालो. तो म्हणाला, "काका, मे महिन्यातच तो मधून मधून बंद पडत होता. मी रविवारी तेच सांगत होतो." आईने आत बोलावलं, चहा दिला; पण त्या दिवशीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि तो काढायचा हक्क माझा नव्हता.

पुढच्या रविवारी तो आला. डिकीपाशी उभा राहिला, पण बटणाला हात लावेना. शेवटी मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि लहानांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.