फोंतेनब्लोत एमबीए, शेजारच्या खुर्चीतून

पॅरिसजवळच्या फोंतेनब्लो गावातल्या इन्सियाड या बिझनेस स्कूलचं एमबीए दहा महिन्यांत संपतं. अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित बिझनेस स्कूलमध्ये याच पदवीला दोन वर्षं लागतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सुरुवातीचे तीन महिने बँकखातं, घर आणि विमा यांत गेले तरी पुढे सावरायला वेळ असतो. दहा महिन्यांत तो मिळत नाही. माझी बायको तिथे शिकत होती आणि मी बिनपगारी रजा घेऊन तिच्याबरोबर फोंतेनब्लोला राहत होतो. कोण निवांत शिकतंय आणि कोण सतत धापा टाकतंय, हे जोडीदाराला वर्गाबाहेरून चांगलं दिसतं. हुशारीत तिथल्या मुलामुलींमध्ये फारसं डावंउजवं नसतं. निघण्याआधी घरी काय काय उरकलं होतं, यात मात्र जमीनअस्मानाचा फरक असतो.

शाळा १९५७ सालची. मूळचे फ्रेंच आणि हार्वर्डमध्ये शिकवणारे जॉर्ज दोरिओ हे तिच्या संस्थापकांपैकी एक. १९५९ मध्ये पहिली तुकडी फोंतेनब्लोच्या राजवाड्यात बसली. १८१४ च्या एप्रिलमध्ये नेपोलियनने आपल्या सैनिकांचा निरोप घेतला तो याच राजवाड्याच्या अंगणात. १९६७ मध्ये शाळा जंगलाच्या कडेला स्वतःच्या जागेत गेली आणि २००० मध्ये सिंगापूरचा कॅम्पस सुरू झाला. पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकातून गाव साधारण चाळीस मिनिटांवर आहे, त्यामुळे काही जण पॅरिसला राहून जाऊन-येऊन करायचं ठरवतात. तसं करू नये. अभ्यासाचं निम्मं काम वर्ग सुटल्यावर सुरू होतं आणि रात्रीच्या गाड्या विरळ असतात. संप असला तर विचारूच नका.

आता कागदपत्रं. बायको कोल्हापूरची. दहावीपासून इंजिनिअरिंगपर्यंतच्या सगळ्या कागदांवर तिचं, वडिलांचं आणि माहेरचं असं नाव. पासपोर्टवर तिचं, माझं आणि सासरचं. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही, पण परदेशातला कारकून दोन कागद शेजारी ठेवतो तेव्हा त्याला दोन वेगळ्या बायका दिसतात. फ्रेंच अर्जांत जन्माच्या आडनावाला एक रकाना असतो आणि वापरातल्या आडनावाला दुसरा. त्यामुळे तिची अडचण तिथे उलट सोपी झाली, पण दोन्ही रकाने जोडणारा पुरावा हाताशी होता म्हणून. जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्र आम्ही राज्य सरकारकडून पडताळून घेतलं, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का, घेतला आणि शपथबद्ध भाषांतरकाराकडून फ्रेंच भाषांतर करून नेलं. या कामाला कोल्हापूर-मुंबई करत काही आठवडे लागतात. तिच्याच तुकडीतल्या एकाने हे तिथे पोचल्यावर करायचं ठरवलं होतं. त्याचे वडील गावाकडे कचेरीच्या फेऱ्या मारत होते आणि तो परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांच्याशी फोनवर बोलत होता.

जन्मदाखला एवढा महत्त्वाचा का? फ्रान्समध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांना सरकारी आरोग्य विम्यात नाव नोंदवावं लागतं. नोंदणी फुकट असते, पण अर्जाबरोबर जन्मदाखला लागतो. हा विमा डॉक्टरच्या ठरलेल्या फीपैकी साधारण ७० टक्के परत करतो, उरलेल्यासाठी वेगळी पूरक पॉलिसी घेतात. त्याखेरीज दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा फ्रान्समध्ये पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन ग्राह्य करून घ्यावा लागतो. हे काम पहिल्याच आठवड्यात संपवावं. जोडीदाराची गोष्ट वेगळी. मी व्हिजिटर व्हिसावर गेलो होतो. त्यावर तिथे नोकरी करता येत नाही आणि आरोग्य विमा स्वतःचा काढून न्यावा लागतो. जोडीने जाणाऱ्यांनी घरखर्चाचं गणित एका पगारावर नाही, शून्य पगारावर मांडावं.

घराबाबत एक गोष्ट आपल्याकडच्या मुलांना कुणी सांगत नाही. फ्रान्समध्ये २०१८ च्या कायद्याने 'बाय मोबिलिते' नावाचा भाडेकरार आला. तो सुसज्ज घरासाठी, एक ते दहा महिन्यांचा असतो आणि विद्यार्थ्यांना मिळू शकतो. त्यात घरमालकाला डिपॉझिट मागता येत नाही. दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला तो अगदी मापात बसतो. नेहमीच्या सुसज्ज घराच्या करारात दोन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट घेता येतं. स्थानिक जामीनदार नसेल तर 'विझाल' ही सरकारमान्य मोफत हमी आहे, तिचा अर्ज ऑनलाइन होतो.

आमचा करार नेहमीचा होता, डिपॉझिट भरलेलं होतं. घर सोडताना मालकीणबाईंनी ओट्यावरच्या एका डागासाठी पैसे कापायचं काढलं. बायकोने फोन उघडला. घरात शिरलो त्या दिवशी तिने प्रत्येक भिंतीचे, नळाचे, गादीच्या खालच्या बाजूचेसुद्धा फोटो काढले होते आणि त्याच संध्याकाळी मालकीणबाईंना मेलने पाठवले होते. डाग त्या फोटोत होता. प्रवेशाच्या वेळी घराच्या स्थितीची जी यादी दोघांच्या सहीने होते, तिच्याशी ताडून पाहिलं आणि विषय तिथेच मिटला. यादीशी घर जुळत असेल तर डिपॉझिट एका महिन्यात परत करावं लागतं, हेही तिला पाठ होतं.

बरेच विद्यार्थी फोंतेनब्लो गावात न राहता सेनकाठच्या सामोआ, बोआ-ल-रोआ किंवा तोमरीसारख्या खेड्यांत चार-सहा जणांत मोठी घरं घेतात. घर देखणं असतं, भाडं वाटलं जातं. पण गाडी नसेल तर रात्री अकरा वाजता कॅम्पसवरून परतायचं कसं, हा प्रश्न रोजचा होतो. आम्ही चालत जाण्याच्या अंतरावर लहान घर घेतलं. मला आजही तो निर्णय सगळ्यात शहाणा वाटतो.

पैशाबद्दल थोडक्यात. फी आता एक लाख युरोंच्या वर आहे, म्हणजे कर्ज जवळपास अटळ. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, लागत नाही. स्वतःच्या बचतीतून पाठवलं तर ठरावीक मर्यादेपुढे तो कापला जातो आणि विवरणपत्र भरताना परत मागता येतो, पण मधल्या काळात पैसा अडकतो. फ्रान्सच्या विद्यार्थी व्हिसासाठी महिन्याला किमान ६१५ युरोंची सोय दाखवावी लागते. फोंतेनब्लोत तेवढ्यात भागत नाही.

इतकं सगळं आधी उरकायचं ते तिथल्या माणसांसाठी वेळ राहावा म्हणून. पहिल्या दोन सत्रांसाठी शाळा पाच-सहा जणांचे गट पाडते आणि देश, धंदा, स्वभाव यांत एकमेकांशी अजिबात न जुळणारी माणसं मुद्दाम एकत्र बसवते. तिच्या गटात एक डच, एक ब्राझिलियन, एक लेबनीज आणि एक कोरियन. एका रविवारी ते आमच्या घरी जमले होते. मी कांदा चिरत होतो, ते जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडत होते. बायकोने केलेलं विश्लेषण पाहून डच मुलगा म्हणाला, "हे चुकीचं आहे, परत करायला लागेल." पुढेमागे काही नाही. तिचा चेहरा पडला. पाच मिनिटांनी तोच तिला सहज विचारत होता, चहात आलं किती घालतेस म्हणून. त्याच्या मनात काहीच नव्हतं. आणि कोरियन मुलगी? तिलाही तो हिशेब पटलेला नव्हता, पण ती गप्प होती. तिने दुसऱ्या दिवशी बायकोला एकटीला गाठून सांगितलं.

याच शाळेत शिकवणाऱ्या एरिन मायर यांचं 'द कल्चर मॅप' हे २०१४ सालचं पुस्तक नेमकं याच विषयावर आहे: कोणत्या देशातली माणसं नकार तोंडावर सांगतात, कोणती आडून सांगतात, कुठे आधी ओळख वाढवावी लागते आणि कुठे थेट कामाला लागतात. जाण्याआधी विद्यार्थ्याने एखादंच पुस्तक वाचायचं ठरवलं, तर मी हे सुचवेन. वाचल्यावर राग यायचा थांबत नाही, पण तो कशाचा आहे ते कळतं. तिच्या गटाने पुढे एक नियम केला. प्रत्येक कामानंतर दहा मिनिटं प्रत्येकाने एक न पटलेली गोष्ट सांगायचीच, गप्प बसायची मुभा नाही. त्या नियमाने कोरियन मुलगी बोलती झाली आणि डच मुलगा आधी ऐकायला शिकला.

वर्गात बोलणं हा आपल्या मुलांचा दुसरा अडसर. चर्चेवर चालणाऱ्या वर्गात बोलण्याला गुण असतात, आणि गुणांकन तुकडीतल्या इतरांच्या तुलनेत होतं. बायको सुरुवातीला पूर्ण उत्तर तयार होईपर्यंत हात वर करत नसे. तोवर चर्चा पुढे गेलेली असे. मग उत्पादन व्यवस्थापनाच्या तासाला सदोष मालाचा विषय निघाला. तिने आधी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम केलेलं. पावसाळ्यात साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली की तापलेला धातू ओतताना वाफ धरते, कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आतली पोकळ छिद्रं, पडतात, आणि तो दोष पुष्कळदा ग्राहकाच्या कारखान्यात मशीनिंग करताना उघडा पडतो, हे तिने सांगितलं. मग रिजेक्शनचा खर्च कोणाच्या खात्यात पडतो, मोल्डिंगवाल्याच्या की वाळू तपासणाऱ्याच्या, यावर फाउंड्रीत कशी भांडणं होतात तेही. सल्लागार कंपन्यांतून आलेल्या मुलांकडे आलेख होते. ओल्या वाळूचा वास तिच्या एकटीकडे होता. त्यानंतर ती वर्गात बोलायला थांबली नाही. इचलकरंजीच्या लूमची, नाशिकच्या द्राक्ष निर्यातीची किंवा रत्नागिरीच्या बोटींची माहिती असलेल्या कुणीही ती कमी प्रतीची समजू नये. त्या वर्गात ती दुसऱ्या कुणाकडेही नसते.

नोकरीचं म्हणाल तर तारखा पाहून प्रवेश घ्यावा. तुकड्या दोन असतात. जानेवारीत सुरू होणाऱ्या तुकडीला मध्ये उन्हाळी सुटी मिळते, तिच्यात इंटर्नशिप करता येते. ऑगस्टअखेर सुरू होणाऱ्या तुकडीला तशी संधी नसते. ज्याला क्षेत्रच बदलायचंय, त्याने जानेवारी धरावी. बायकोला कारखान्यांच्याच जगात राहायचं होतं, तरी तिने जानेवारी निवडली आणि सुटीत एका यंत्रनिर्मिती कंपनीत काम केलं. मॅकिन्झी, बीसीजी, बेन या सल्लागार कंपन्या तिथून खूप जणांना घेतात, त्यामुळे अर्धी तुकडी जोड्या लावून त्यांच्या मुलाखतींचा सराव करत असते. त्या लाटेत न ओढलं जाणं अवघड आहे. तिने निघण्याआधीच एका कागदावर लिहून ठेवलं होतं की सल्लागार कंपन्यांना अर्ज करायचा नाही. त्यामुळे तिच्या कितीतरी संध्याकाळी मोकळ्या राहिल्या. जंगलात वालुकाश्मांवर चढायला शिकवणारे सोबती तिला त्या संध्याकाळीच भेटले.

आता कोल्हापूर-सांगलीकडून तिला फोन येतात. मुलं बहुधा जीमॅट या प्रवेशपरीक्षेतला स्कोअर सांगून सुरुवात करतात. ती आधी जन्मदाखल्याचं विचारते, मग फ्रेंचचं. वर्ग इंग्रजीत असले तरी भाडेकरार, दवाखाना आणि फ्रान्समधल्या बऱ्याच नोकऱ्या फ्रेंचमध्ये चालतात. पदव्युत्तर पदवी घेतलेल्या भारतीयांना शिक्षणानंतर नोकरी शोधायला २४ महिन्यांपर्यंत राहता येतं, पण भाषा नसेल तर ते महिने पटापट सरतात. पुण्यात फ्रेंच शिकवणारी आलियाँस फ्रान्सेज आहे, ऑनलाइन वर्गही आहेत. प्रवेशाचं पत्र येण्याची वाट न बघता पहिली पातळी आजच सुरू कर, असं ती प्रत्येकाला सांगते आणि महिन्याभराने फोन करून कुठवर आलास ते विचारते.