चला, भुतांच्या गावाला!

दोस्तांनो, भुताच्या नावाचं रेल्वे स्टेशन कधी ऐकलंय? नाही ना? मग चला माझ्याबरोबर जपानला. तिथं अशी एक-दोन नाही, ओळीनं सोळा स्टेशनं आहेत!

जपानच्या पश्चिम भागात समुद्राकाठी तोत्तोरी नावाचा प्रांत आहे. तिथल्या योनागो शहरातून एक छोटीशी गाडी सुटते आणि अठरा किलोमीटरवर, साकाइमिनातो या मासेमारीच्या बंदरात जाऊन थांबते. गाडीच्या डब्यांवर भुतांची चित्रं, आणि प्रत्येक स्टेशनाला खऱ्या नावाशिवाय एकेका भुताचं टोपणनाव. योनागो म्हणजे ‘नेझुमी-ओतोको’, आपल्या भाषेत उंदीरमाणूस. आणि शेवटचं साकाइमिनातो म्हणजे ‘कितारो’.

हा कितारो कोण? तर जपानी कॉमिक्समधला, स्मशानात जन्मलेला एक मुलगा. भुतांच्या एका जुन्या वंशातला शेवटचा वारस. त्याला एकच डोळा. दुसऱ्या बाजूवर केसांची झुलपं. अंगात पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट, पायांत लाकडी खडावा. जवळपास कुणी भूत आलं की डोक्यावरचे केस ताठ उभे राहतात! त्याचे वडील वारले, पण मुलाच्या काळजीनं त्यांचा एक डोळा तेवढा जिवंत राहिला. त्या डोळ्याला इवलेसे हातपाय फुटले. हे डोळेबाबा वाडग्यात बसून गरम पाण्याची अंघोळ करतात आणि लेकाला सल्ले देतात. भुतं आणि माणसं यांचं भांडण लागलं, की मध्ये पडायला कितारो हजर!

चला, स्टेशन आलं. उतरा. बाहेर पडताच टेबलाशी बसून चित्र काढणारा एक माणूस दिसेल, ब्राँझचा. हेच कितारोचे चित्रकार मिझुकी शिगेरु. त्यांचं बालपण याच गावात गेलं. इथून पुढं आठशे मीटरचा रस्ता त्यांच्याच नावाचा आहे. दोन्ही कडेला भुतंच भुतं! कुणी वीतभर, कुणी हातभर. १९९३ साली हा रस्ता सुरू झाला तेव्हा पुतळे होते २३. आज पावणेदोनशेहून जास्त आहेत.

पण हा खटाटोप कशासाठी, माहीत आहे? त्या काळात इथल्या बाजारपेठेला उतरती कळा लागली होती. गिऱ्हाईक येईना, दुकानांची दारं बंद पडू लागली. मग गावानं आपल्या चित्रकाराची भुतं रस्त्यावर आणली. सुरुवातीला काही पुतळे चक्क चोरीला गेले! पण गंमत बघा, त्या चोरीच्या बातम्या देशभर झाल्या आणि लोक म्हणू लागले, बघू या तरी हे गाव. २०१० साली एका वर्षात पस्तीस लाखांहून जास्त माणसं इथं आली, आणि गावाची वस्ती म्हणाल तर जेमतेम पस्तीस हजार. चोरांनी जाहिरात केली म्हणायची!

आता जरा थांबा आणि लोकांचं बोलणं ऐका. कितारोवर टीव्हीसाठी सहा वेळा मालिका झाल्या, त्यामुळं इथं येणाऱ्या घराघरांत वाद ठरलेला. खरा कितारो कुठला? आजोबा म्हणणार, १९६८ चा, काळ्या-पांढऱ्या टीव्हीवरचा. बाबा म्हणणार, छे, १९८५ चा. नातीला पसंत २०१८ चा, कारण त्यातली मांजरमुलगी नेको-मुसुमे चांगली उंच आहे. पूर्वीची कशी ठेंगणीठुसकी होती! यावर तर चाहते तासभर बोलतील. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. १९६८ साली नोझावा मासाको यांनी कितारोला आवाज दिला होता. पन्नास वर्षांनी त्याच बाईंनी डोळेबाबांना आवाज दिला. मुलगा मोठा होऊन बाप झाला म्हणा ना!

मुरलेले चाहते आणखी मागं जातात. म्हणतात, कितारो मुळात मिझुकींचा नव्हेच. खरं आहे. १९३० च्या दशकात जपानमध्ये गोष्टीवाले सायकलवर लाकडी पेटी घेऊन यायचे, मुलांना गोळ्या विकायचे आणि एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचे. आपल्या कोकणात पिंगुळीचे चित्रकथी चित्रं दाखवून कथा सांगतात, तसंच काहीसं. त्या खेळांत ‘स्मशानातला कितारो’ होता. मिझुकींनी १९५४ मध्ये त्याला हाती घेतलं, पुढं कॉमिक्समध्ये आणलं. १९६७ साली नाव बदलून ‘गेगेगे नो कितारो’ झालं. लहानपणी त्यांना स्वतःचं ‘शिगेरु’ हे नाव नीट म्हणता येत नसे, ते ‘गेगेरु’ म्हणायचे. म्हणून गेगेगे!

मग मिझुकींचं त्यात काय? ते कळायला त्या भिंतीपाशी चला. हो, भिंतच! दोन डोळे आणि दोन आखूड पाय असलेली. तिचं नाव नुरिकाबे. जुन्या लोककथेत नुरिकाबे दिसतच नाही. रात्री चालताना पुढं काहीतरी आडवं येतं, पाऊल पडत नाही, बस्स! अशा कितीतरी भुतांना रूपच नव्हतं. वाळू फेकणारी सुनाकाके-बाबा घ्या. (हसू नका, जपानीत ‘बाबा’ म्हणजे म्हातारी!) वाळू अंगावर पडते, म्हातारी दिसत नाही.

या गोष्टी लहानग्या शिगेरुला सांगायची शेजारची एक गरीब म्हातारी. तिला तो नोन्नोन्बा म्हणायचा. छतावर डाग दिसला की ती सांगे, रात्री एक भूत येऊन छत चाटून गेलं!

पुढं युद्ध आलं. मिझुकींना सैन्यात धाडलं, दूर न्यू ब्रिटन बेटावर. सोबतचे गेले, ते एकटे अंधाऱ्या रानात पळत सुटले. त्या वेळी पुढं काहीतरी आडवं आलं, पाऊल टाकता येईना. ते पुढं सांगत, ‘तो नुरिकाबेच होता.’ मग मलेरिया झाला आणि बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला.

एका हातानं घरी परतलेल्या या माणसानं म्हातारीच्या भुतांना एकेक चेहरा दिला. माणसं साधी, दोन रेघांची. पण मागचं रान, घर, आभाळ ठिपक्या-ठिपक्यांनी भरलेलं, अगदी खरंखुरं. एकट्यानं एवढं कसं होणार? त्सुगे योशिहारु आणि इकेगामी र्‍योइची हे नंतर नावाजलेले चित्रकारही काही काळ त्यांच्याकडे मदतनीस होते. नोन्नोन्बावरच्या त्यांच्या पुस्तकाला २००७ साली फ्रान्समधल्या आंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवात सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळाला. अक्षरओळखही धड नसलेल्या मुलाला सांगितलेल्या गोष्टी कुठवर गेल्या बघा! मिझुकी २०१५ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी गेले.

रस्ता संपला. समोर त्यांचं संग्रहालय आहे, ते निवांत बघा. अंधार पडेपर्यंत मात्र थांबा हं, कारण दिवे लागले की रस्त्यावर भुतांच्या सावल्या पडतात.

आणि परतीच्या गाडीत एका प्रश्नाचं उत्तर शोधा. कोकणात रात्री ओळखीची वाटही फिरून फिरून तिथंच आणून सोडते, तेव्हा म्हणतात, चकवा लागला. तो चकवा दिसतो कसा? उंच की बुटका? पाय किती? आजीला विचारा. ती म्हणेल, ‘अरे, तो दिसत नाही.’

तेवढंच ऐकायचं, आणि पेन्सिल घ्यायची.