घराची बाहेरची भिंत

सांगली आणि मिरज यांच्या शेजारचे कुपवाड १९९८ साली या दोन शहरांबरोबर एकाच महानगरपालिकेत आले. बाहेरच्या माणसाला ते औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक असते. मात्र कारखान्यांच्या पलीकडच्या गल्ल्यांतून कधी सावकाश चालत गेलात, तर घरांच्या दर्शनी भिंतींकडे अवश्य पाहावे. एखाद्या जुन्या घराच्या दारावर गणपती, दोन्ही बाजूंस मोर किंवा कलश आणि खाली ठळक अक्षरांत ‘शुभविवाह’ व वधूवरांची नावे रंगवलेली अजूनही आढळतात. लग्न होऊन कित्येक वर्षे लोटलेली असतात, मुलगी स्वतः सासू झालेली असते. पण भिंतीवर ती अजून ‘चि. सौ. कां.’च आहे.

आपल्याकडे कुटुंबाची बखर अशी घराच्या भिंतीवर लिहिली जाई. वारली समाजात लग्नप्रसंगी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहीत. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातही भित्तिचित्रे आहेत. वाडा असो वा झोपडी, भिंत बोलकी करण्याची ओढ एकच.

हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात कशासाठी, असे आपण विचाराल. त्याचे कारण माझ्या दवाखान्यात वारंवार दिसते. उमेदीच्या काळात कर्ज काढून, स्वतः विटांवर पाणी मारून ज्यांनी घर उभे केले, ती माणसे सत्तरी ओलांडल्यावर त्याच घरात पाहुण्यासारखी वावरू लागतात. पडदे कोणते, फरशी कोणती, रंग कोणता, हे आता मुले ठरवतात. त्यांत दुष्टावा नसतो. ‘तुम्ही कशाला त्रास घेता?’ या प्रेमाच्या वाक्यानेच ज्येष्ठांच्या हातून एकेक निर्णय निसटत जातो.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आयुष्यभर लेथवर काम करून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यावर त्यांचे जेवण आणि बोलणे दोन्ही तुटक झाले. मुलाने घराला रंग द्यायचे काढले, तेव्हा लेकीच्या लग्नाची अक्षरे असलेली भिंत तेवढी पुसू नका, एवढेच ते म्हणाले. पोपडे सुटल्यामुळे जुना रंग राखणे शक्य नव्हते. अखेर सुनेने तोड काढली : भिंत दुरुस्त करायची, पण तिच्यावर काय काढायचे ते आजोबांनी सांगायचे. त्यांनी गावाकडची विहीर, बैलजोडी, पत्नीने लावलेली तुळस आणि लग्नाची तीच अक्षरे सांगितली. पेंटरने रेखाटन केले, नातवंडांनी रंग भरले. तुळशीची पाने मात्र आजोबांनी खुर्चीत बसून स्वतः रंगवली. त्यांचे दुःख सरले, असे मी म्हणणार नाही. परंतु त्या पंधरवड्यात ते सकाळी वेळेवर अंघोळ करून अंगणात येऊन बसू लागले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विहिरीची हकिकत सांगू लागले.

घरांच्या भिंती गावाचे रूप कसे पालटू शकतात, हे पाहायचे असेल तर सवडीने भिलारला जावे. कुपवाडहून आष्टामार्गे पेठनाक्याला महामार्ग गाठावा. कराड, सातारा मागे टाकून वाईला यावे आणि पसरणी घाट चढून पाचगणी ओलांडावी. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव मे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. भिलारच्या रहिवाशांनी आपल्या राहत्या घरांतील जागा पुस्तकांसाठी खुली केली आणि चित्रकारांनी भिंती रंगवल्या. ज्येष्ठांना सोबत नेत असाल तर घाटापूर्वी हलका आहार द्यावा, गाडी लागत असल्यास औषध आधी विचारून ठेवावे, आणि उंचावरच्या गारव्यासाठी कानटोपी, शाल बरोबर घ्यावी.

कलेचा आरोग्याशी संबंध आता केवळ अनुभवाचा विषय राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळण्यात, तसेच आजारासह जगण्यात कलांचा हातभार लागतो, असे त्यातून दिसले. चित्र हे औषधाला पर्याय नव्हे. रक्तदाबाची गोळी चालूच राहील.

आपल्या घरी असा बेत आखलात, तर काही पथ्ये पाळावीत. पहिले पथ्य जुन्या रंगाचे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या थरांत शिसे अधिक असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस घातक असते. म्हणून भिंत कोरडी घासू नये. ओली करून खरवडावी. त्या वेळी मुले व गर्भवती स्त्रिया यांना दूर ठेवावे. काम करणाऱ्याने एन-९५ मास्क वापरावा. साध्या रुमालाने ही धूळ अडत नाही.

दुसरे पथ्य शिडीचे. ज्येष्ठांनी शिडीवर किंवा स्टुलावर चढू नये. कमरेपासून खांद्यापर्यंतचा भाग त्यांचा, वरचा तरुणांचा, अशी वाटणी करावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. चुना डोळ्यांत गेल्यास चोळू नये. स्वच्छ पाण्याने किमान पंधरा ते वीस मिनिटे सतत धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

दमा असणाऱ्यांच्या घरी तेलरंगाऐवजी पाण्यात मिसळणारा बाह्यरंग निवडावा. हात कापत असल्यास जाड दांड्याचा ब्रश किंवा स्पंजचा ठसा द्यावा. मोतीबिंदूमुळे निळ्या-जांभळ्या छटांतील फरक नीट कळत नाही, तेव्हा ठळक, परस्परविरोधी रंग घ्यावेत. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी दाराजवळ एकच मोठे, ओळखीचे चित्र असावे. आपले घर ओळखण्यास ते खूण ठरू शकते. जमिनीवर मात्र गडद ठिपके रंगवू नयेत, त्यांना ते खड्डे भासू शकतात.

पावसाळा संपून भिंत पूर्ण वाळल्यावर, दिवाळीनंतरच्या कोवळ्या उन्हात हे काम सुरू करावे. एका वेळी तासाभराहून अधिक बसू नये. पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा. पेंटरला बोलावण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी आजी-आजोबांपुढे कोरा कागद ठेवा आणि भिंतीवर काय हवे ते विचारा. उत्तर लगेच येणार नाही. घाई न करता तिथेच बसून राहावे.