समुद्रकाठचे बिऱ्हाड आणि गागोदे

बँकेतून निवृत्त झाल्यावर फलटणचे राहते घर बंधूंच्या स्वाधीन करून आम्ही उभयता अलिबागजवळ वरसोलीस राहावयास आलो, यास दोन वर्षे उलटून गेली. नोकरीच्या काळात पेण शाखेत तीन वर्षे काढली होती. तेव्हापासून समुद्राकाठी एखादे लहानसे बिऱ्हाड असावे ही माझी इच्छा होती. सौ.ची नव्हती, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

फलटणहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “रोज सूर्यास्त पाहता ना?” खरे सांगायचे तर पहिल्या वर्षात आम्ही तो जेमतेम चार-पाच वेळा पाहिला. मुंबई-पुण्याची माणसे ज्या वेळी वाळूत येऊन बसतात, नेमक्या त्याच वेळी आम्ही ताटावर असतो. जूनअखेर सूर्य सव्वासातच्या सुमारास बुडतो, तेव्हा थोडी सवड मिळते. डिसेंबरात तो सहाच्या आसपासच मावळतो आणि साडेपाचला आमच्या घरी वाढण्याची घाई सुरू होते. समुद्रकिनारी राहून सूर्यास्त चुकवणारे आमच्यासारखे दुसरे कुटुंब वरसोलीत बहुधा नसावे.

देशावरच्या कोरड्या हवेत वाढलेल्या गृहिणीस कोकणचा पावसाळा म्हणजे रोजची परीक्षा. पापड वाळत नाहीत, मिठास पाणी सुटते, लोखंडी कपाट गंजते, स्वाध्यायाच्या ग्रंथांवर बुरशीचा पांढरा थर येतो. आपल्याकडे पावसाळ्यात दळलेल्या पिठाची मर्यादा तीन दिवसांची मानतात. फलटणला तो नियम होता म्हणून पाळत होतो; येथे तो का केला असेल ते चौथ्या दिवशी पिठाचा डबा उघडला की समजते. विहिरीचे पाणी गाळून घ्यावे आणि गाळण्यातले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडावेत, हा क्रम सौ.ने येथेही मोडला नाही. शेजारच्या मुलांना त्याची मोठी गंमत वाटे. प्रसिद्ध अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, त्याच्या माळा रस्तोरस्ती टांगलेल्या असतात. आमच्या उपयोगाचा तो नाही.

आमच्या इमारतीपासून कोळीवाडा हाकेच्या अंतरावर आहे. सुकत घातलेल्या मासळीचा वास प्रथम असह्य झाला, मग जाणवेनासा झाला. पण परकेपणा वासाने येत नाही, तो जेवणाच्या ताटाने येतो. या किनाऱ्याने असे ताट वेगळे असणारे लोक पूर्वीही पाहिले आहेत. बेने इस्रायली समाजाचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावे त्यांनी येथल्या गावांवरूनच घेतली. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचे प्रार्थनामंदिर उभे आहे. इतकी शतके आपला शनिवार आणि आपले अन्ननियम सांभाळून ही माणसे ‘कर’ कशी झाली, याचे मला नवल वाटत असे. कारण आम्हाला पहिल्या श्रावणातच ते साधले नाही.

त्या नारळी पौर्णिमेस शेजारच्या कोळी कुटुंबातील मावशी दिवे लागल्यानंतर नारळीभात आणि करंज्या घेऊन दारात आल्या. मी उंबऱ्यातूनच म्हणालो, “आम्ही रात्री खात नाही,” आणि ताट परत केले. नियम खरा होता, पण ठेवून घेऊन सकाळी गाईला घालता आले असते, निदान त्यांना घरात बसवता आले असते. पस्तीस वर्षे काउंटरपलीकडून कर्जाचे अर्ज नाकारल्याची सवय, दुसरे काय! मावशी काही बोलल्या नाहीत. मात्र त्यानंतर जिन्यात भेट झाली तरी कामापुरते बोलणे होऊ लागले. सौ.ने एवढेच म्हटले, “आता येथे आपले कोण? फलटणला परत जाऊ.” मीही घर विकण्याचे कागद काढून ठेवले.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, ११ सप्टेंबरला, आम्ही गागोदे बुद्रुकला गेलो. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली याच दिवशी या गावी झाला. पेणला असताना एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातील म्हशींची पाहणी करण्यासाठी मी येथे आलो होतो. त्या वेळी म्हशी मोजल्या आणि परतलो, विनोबांचे घर पाहण्यास वेळ काढला नाही. या वेळी पोयनाड, धरमतरचा पूल, वडखळ असे करीत पेणला आलो. गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखले जाणारे हे गाव मागे टाकून डोंगरांकडे वळले की समुद्र पूर्ण विसरला जातो. दोन्ही बाजूंस भाताची हिरवी शेते, हवेत खारटपणा नाही. सौ. बऱ्याच महिन्यांनी मोकळा श्वास घेतल्यासारखी दिसली.

विनोबांच्या जन्मघराच्या परिसरात आम्ही बराच वेळ थांबलो. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई कर्नाटकातल्या. कन्नड भजने म्हणत त्या या कोकणी घरात नांदल्या. अंगणातला फणस पिकला की त्या गऱ्यांचे द्रोण भरीत आणि लहानग्या विन्याला आधी शेजारच्या घरोघरी वाटून येण्यास सांगत. सर्वांना पोचल्यावर मगच त्याच्या हाती गरे पडत. ही आठवण विनोबांनीच सांगितलेली आहे. मी ती सौ.ला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे बाहेरून आलेल्या बाईनेच आधी द्यायचे.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आपल्या समाजास विनोबांचे ऋण वेगळे सांगावयास नको, तरी तरुण वाचकांसाठी सांगतो. सर्व संप्रदायांना मान्य होईल असा एक जैन ग्रंथ व्हावा, हा आग्रह त्यांचा. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने १९७४ मध्ये जिनेंद्र वर्णींच्या संकलनातून ७५६ गाथांचे ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले. १९८२ साली अन्न, पाणी व औषध सोडून त्यांनी पवनारला देह ठेवला तो १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, म्हणजे महावीर निर्वाणदिनी. दशलक्षण पर्वाच्या सुमारास या घरी येणे म्हणूनच आम्हाला परके वाटले नाही.

संक्रांतीस सौ.ने फलटणच्या शेंगदाण्याच्या पोळ्या व तिळगूळ मावशींकडे स्वतः नेला. मी गेलो नाही. धैर्य झाले नाही. दोन दिवसांनी ते ताट परत आले, पण रिकामे नव्हे, आमसुले भरून. मेमध्ये फणस आला. सौ.ने त्यातले निम्मे गरे इमारतीतल्या चारही घरी पाठवले आणि उरलेले आम्ही खाल्ले.

गेल्या नारळी पौर्णिमेस दुपारी चार वाजता दार वाजले. मावशी ताट घेऊन उभ्या होत्या. आकाशाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “सायेब, दिवस हाय ना अजून?” मी त्यांना आत बसवले. करंज्यांचे सारण आमच्याकडच्यापेक्षा गोड होते. नवीन भांडे वापरले आहे, हे त्यांनी मी न विचारता दोनदा सांगितले, तेव्हा मला कानकोंडे झाले.

सौ.चे म्हणणे अजून फलटणचेच आहे; निदान पावसाळा तरी तिकडे काढू, असे ती म्हणते, आणि पापडांचा विचार करता त्यात चूक काही नाही. घर विकण्याचे कागद टेबलाच्या खणात आहेत. परवा ते काढून पाहिले, तर त्यांनाही बुरशी लागलेली.