तांदीचा फलक

हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा तांदी येथे संगम होतो. चंद्रभागा म्हटले की मराठी मनाला पंढरपूरचे वाळवंट आठवते. येथील चंद्रभागा मात्र पुढे चिनाब होऊन जम्मूकडे वाहत जाते. संगमाजवळच एक साधा इंधन पंप आहे. देखाव्यापेक्षा त्याच्या फलकानेच त्याला कीर्ती मिळवून दिली. पुढील पंप 365 किलोमीटरवर आहे, असे हा फलक प्रवाशाला बजावतो. पुढचा पंप म्हणजे लेहच्या अलीकडचे कारू.

2017 च्या जुलैमध्ये सांगलीकडील एक व्यापारी कुटुंब आपल्या डिझेल गाडीने या मार्गाने निघाले होते. तांदीला वाहनांची लांब रांग होती आणि काटा अर्ध्यावर होता. वडील म्हणाले, ‘‘भरून घे.’’ मुलाचे उत्तर तयारच होते, ‘‘बाबा, वीस-पंचवीस लिटर आहे. पुढे केलाँगला मिळेल की!’’ दुकानात माल संपण्याच्या आठ दिवस आधी मागणी नोंदवणाऱ्या घरातील हा संवाद आहे, हे ध्यानात घ्यावे.

केलाँगला डिझेल मिळाले नाही. परत फिरण्याचे अंतर जेमतेम आठ किलोमीटरचे. पण रांगेत पुन्हा शेवटी उभे राहण्याचा कंटाळा आडवा आला.

मैदानी हिशेब या रस्त्यावर चालत नाही. बारालाचा खिंड सुमारे सोळा हजार फुटांवर. सरचूनंतर गाटा लूप्सची एकवीस वळणे, त्यानंतर नकीला आणि लाचुलुंगला या खिंडी. हवा विरळ, चढ सलग, पहिल्या-दुसऱ्या गिअरवरून गाडी वर सरकत नाही. महामार्गावर लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी गाडी येथे दहावर आली. पांग येथील तंबूंच्या वस्तीत पोहोचेपर्यंत काटा तळाला टेकला. समोर मोरेचे पठार, मग सतरा हजार फुटांहून उंच तांगलांगला खिंड, आणि कारू अद्याप सुमारे 140 किलोमीटर दूर.

एका तंबूत बाटल्यांमधून डिझेल मिळत होते. भाव दुप्पट सांगितला गेला. भावाची तक्रार नव्हती. टंचाईच्या मालाचा भाव चढतो, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. शंका मालाची होती. बाटलीला रॉकेलचा वास येत होता. (कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठते, म्हणून लडाखमधील वाहनचालक त्यात रॉकेल मिसळत. उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यातून तेथे जाऊ लागले ते 2019 मध्ये.) जुलैत मात्र त्या वासाला असे कोणतेही कारण नव्हते.

वडिलांनी बाटल्या नाकारल्या आणि लेहकडे निघालेल्या एका मालट्रकच्या चालकाला गाठले. त्याच्याकडे वीस लिटरचा राखीव कॅन होता. वडिलांनी पाकीट काढले. चालकाने हाताने नको म्हटले. पैसे घेऊन तो वाटेत काय करणार, त्याला डिझेल हवे होते. गाडी हलकी, ती आधी पोहोचेल. कारूच्या पंपावर हाच कॅन भरून ठेवावा, ट्रक दुसऱ्या दिवशी येऊन तो उचलेल, एवढेच त्याचे म्हणणे. नाव विचारले नाही, मोबाइल क्रमांक घेतला नाही. तसेही पांगला संपर्क नव्हताच.

आयुष्यभर हुंडीची मुदत आणि व्याजाचा दर पाहिलेल्या त्या गृहस्थांनी वस्तूच्या रूपातील, बिनव्याजी आणि बिनकागदी कर्ज प्रथमच घेतले. तांगलांगला ओलांडेपर्यंत गाडीत फारसे कोणी बोलले नाही. मुलाने उतारावर इंजिन बंद करून इंधन वाचवण्याची कल्पना मांडली, तेव्हा ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, असे सांगून वडिलांनी ती तेथेच थांबवली.

सायंकाळी कारू आले. मुलाने स्वतःच्या टाकीआधी कॅन भरून घेतला आणि झाकण दोनदा तपासले. वडिलांनी खडूने त्यावर ट्रकचा क्रमांक लिहिला. पंपावरील मुलाने काहीही न विचारता तो उचलला आणि भिंतीच्या कडेला नेऊन ठेवला. तेथे आधीच तीन कॅन होते. तिघांवर खडूने क्रमांक लिहिलेले.