तीन महिन्यांची शिल्लक, आयुष्यभराची बाकी

‘एचबीएवनसी’ हा शब्द आता आपल्या घरांत सोन्याच्या भावाइतकाच परिचित झाला आहे. लग्नसमारंभात दोन समवयस्क भेटले की ‘तुमचे किती आले?’ हा प्रश्न धंद्याविषयी नसतो, रक्ताच्या अहवालाविषयी असतो. सात आले तर समाधान. साडेआठ आले तर महिनाभर गोड बंद, आणि पुढचा अहवाल सुधारला की सारे पूर्ववत. जणू हा आकडा म्हणजे चालू खात्यातील शिल्लक, आज घटली तरी उद्या भरून काढता येणारी. हा समज अर्धाच खरा आहे.

साखर हे शरीराचे इंधन खरे, परंतु ती प्रथिनांना चिकटतेही. साखर आणि अमिनो आम्ले एकत्र तापवली असता होणाऱ्या या क्रियेचे वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले. खाकऱ्याचा तांबूस रंग, भाजलेल्या रव्याचा खमंग वास ही तिचीच रूपे होत. तव्यावर जे काही मिनिटांत घडते, तेच शरीराच्या उबेत अतिशय मंद गतीने घडत राहते. रक्तातील साखर जितकी अधिक, तितका त्याचा वेग अधिक.

हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर म्हणजेच एचबीएवनसी. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती गेली की तिच्यासोबत ती नोंदही जाते. म्हणून हा अहवाल गेल्या दोन-तीन महिन्यांपुरताच बोलतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील कोलॅजन मात्र वर्षानुवर्षे तेच राहते. त्यावरील साखरेची पहिली नोंद कच्ची असते, ती पुसली जाऊ शकते. पुढे तिच्यात बदल होत जी पक्की संयुगे बनतात, त्यांना अ‍ॅडव्हान्स्ड ग्लायकेशन एंड प्रॉडक्ट्स, थोडक्यात ‘एजीई’ म्हणतात. ती सहसा सुटत नाहीत. शेजारच्या दोन तंतूंना ती एकमेकांशी जखडतात आणि लवचीक रोहिणी ताठर होते. वरचा रक्तदाब चढतो, हृदयाचा स्नायूही नीट सैलावत नाही. भिंतीतील पेशींवर या संयुगांना ओळखणारा ग्राहक असतो; तो जागा झाला की दाह सुरू होतो. रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड निष्प्रभ होतो, आणि साखर चिकटलेले वाईट कोलेस्टेरॉल भिंतीत अडकून बसते. या गाठी सोडविण्यासाठी अलॅजेब्रियम नावाचे औषध मोठ्या आशेने तपासले गेले. बाजारात ते आले नाही.

अमेरिका आणि कॅनडातील एका दीर्घ चाचणीचा निष्कर्ष मला यासंदर्भात सर्वांत बोलका वाटतो. १९८३ ते १९९३ या काळात टाइप-१ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांपैकी काहींची साखर काटेकोर ताब्यात ठेवली, इतरांना तेव्हाचे रूढ उपचार दिले. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांचे एचबीएवनसी जवळजवळ सारखे झाले. तरीही २००५ साली हिशेब मांडला तेव्हा पूर्वी काटेकोर राहिलेल्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराच्या घटना ४२ टक्क्यांनी कमी होत्या. अलीकडचे आकडे सारखे होते, फरक जुन्या वर्षांचा होता. या ‘स्मृती’चा एक भाग कोलॅजनमध्ये साचलेल्या एजीईंनी धरून ठेवला असावा, असे संशोधक मानतात.

माझ्या थोरल्या बंधूंची बायपास झाली तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो. “मी जन्मात कंदमूळ खाल्ले नाही, अंड्याला शिवलो नाही, मग हे माझ्याच वाट्याला का?” त्यांना बावीस वर्षांचा मधुमेह. पैकी पहिली आठ-नऊ वर्षे, काही त्रास होत नाही म्हणून, गोळी अनियमितच होती. मी त्यांना एवढेच म्हणालो की, दादा, आपले व्रत जीवदयेसाठी होते. त्यात रोहिणीचा विमा कधीच नव्हता. ते हसले, पण प्रश्न काही त्यांनी मागे घेतला नाही.

एजीई अन्नातूनही येतात. तळणे, भाजणे, तुपात खरपूस परतणे यांत ती वाढतात. उकडणे व वाफवणे यांत कमी राहतात. अन्नातल्या एजीईंचे शरीरात नेमके किती चालते, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि मधुमेह्याचे मुख्य संकट त्याच्या स्वतःच्या रक्तातल्या साखरेतूनच येते. तथापि चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने ३८ अतिवजनी प्रौढांवर केलेल्या बारा आठवड्यांच्या चाचणीत कमी एजीईच्या आहाराने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. चाचणी लहान होती आणि तिने हृदयविकार मोजला नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

हे वाचताना आयंबिलच्या उकडलेल्या, बिनतेलातुपाच्या जेवणाची आठवण येणे स्वाभाविक आहे. सहा विगयींत तळलेल्या पदार्थांची ‘कडाविगय’ वेगळी मोजलेली आहेच. मात्र शास्त्रकारांना हे रसायन ठाऊक होते, असा दावा मला पटत नाही. आयंबिल रसत्यागासाठी आहे, कर्मनिर्जरेसाठी आहे. त्याला आरोग्याच्या प्रमाणपत्राची गरज नाही. उलट नवपद ओळीचे नऊ दिवस संपताच पारण्याला जिलेबी-फाफड्यावर तुटून पडणारेही आपल्यातच आहेत.

दादांचा धाकटा मुलगा बत्तीस वर्षांचा. दुकान आता तोच पाहतो. गेल्या महिन्यात उपाशीपोटी साखर ११२ आली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही, म्हणून घरात सारे निश्चिंत होते; दादा तेवढे नव्हते. त्यांनी गल्ल्यावर चहाबरोबर येणारी फरसाणाची पुडी बंद करविली, सकाळी देरासरला जाताना त्याला पायी सोबत नेऊ लागले. चालताना अधूनमधून दादाच दम घ्यायला थांबतात. मुलगा शेजारी उभा राहतो, काही बोलत नाही.