नाही म्हणण्याचा ठराव

बुलढाणा

प्रिय भाचेराव,


तुझ्या संस्थेच्या घटनेचा मसुदा मिळाला. पेन्सिलीने रंगवून परत पाठवतो आहे. तुझी कळकळ पानोपानी दिसते, पण धर्मादाय कार्यालयात कळकळ दाखल करून घेत नाहीत, म्हणून थोडे कोरडे लिहितो. राग मानू नकोस. संस्थांचे हिशेब तपासण्यात जन्म गेला, तो कोरडेपणा आता हाडात मुरला आहे.

किरकोळ आधी उरकतो. रोहिणखेडच्या जुन्या लढाईवर अर्धे पान खर्ची घातले आहेस, ते काढ. बुऱ्हाण निजामशाह जिंकला आणि जमालखान पडला, याचा पंख मोडलेल्या मोराशी काही संबंध नाही. संस्थेच्या नावातले ‘अभयारण्य’ही काढ. अभयारण्य सरकार जाहीर करते. आपले ज्ञानगंगा 1997 साली झाले तसे. तू ‘निवारा’ म्हण.

आता मुख्य गोष्ट. उद्दिष्टांच्या पहिल्याच कलमात तू लिहिलेस की जखमी, अनाथ आणि बेवारस अशा प्रत्येक प्राण्याला संस्था आश्रय देईल. वाचायला छान आहे, आणि संस्था बुडवायला एवढे एक कलम पुरे आहे. बातमी फुटायचा अवकाश, मोताळा, नांदुरा, मलकापुरापासून लोक येतील. कुणी भाकड गाय दावणीला बांधून रात्रीतून निघून जाईल. कुणी घरातले म्हातारे कुत्रे फाटकापाशी सोडेल. रस्त्यावर ठोकरलेले वासरू तर पोलीसच आणून देतील. ‘जागा नाही’ हे कोण सांगणार? तू नाही सांगू शकणार, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मग चारा पातळ होतो, आजारी आणि धडधाकट जनावरे एकाच गोठ्यात येतात, लाळ्या-खुरकुत शिरतो, आणि दयेपोटी उभी राहिलेली जागा हालांची होते. असे प्रकार मी हिशेबाच्या वह्यांतून ओळखायला शिकलो. जनावरांची संख्या वर आणि औषधाचा खर्च खाली असला, की तिथे काय चालले आहे ते बघायला जावे लागत नाही.

म्हणून पहिला ठराव नाही म्हणण्याचा कर. आपल्याकडे किती जनावरे राहू शकतात, हा आकडा पशुवैद्यकाच्या सहीने ठरव. आकडा भरला की नवे दाखल करणे बंद. अपवाद करायचा तर तो तू एकट्याने नाही, तिघांनी लेखी कारण देऊन करायचा. आलेल्या वळूचे खच्चीकरण आणि कुत्र्यांची नसबंदीही त्याच ठरावात घाल, नाहीतर आतल्या आतच संख्या वाढेल. कुत्र्यांबाबत 2023 चे केंद्राचे नियम आहेत. नसबंदीची मोहीम चालवायची तर प्राणी कल्याण मंडळाची मान्यता लागते.

तुला हे निष्ठुर वाटेल. मग तो वाघ आठव. टिपेश्वरचा टी1सी1, ज्याला पुढे सगळे ‘वॉकर’ म्हणू लागले. फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच्या गळ्यात पट्टा बांधला, जूनमध्ये तो घर सोडून निघाला आणि सुमारे 1300 किलोमीटर चालून डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगेत आला. गावागावात कौतुक झाले. मग चर्चा निघाली, की त्याच्यासाठी मादी आणून सोडावी. भावना चांगलीच होती. पण ज्ञानगंगा अवघे 205 चौरस किलोमीटर, भोवती शेते आणि गावे. पिल्ले झाली असती तर ती मोठी होऊन गेली असती कुठे? तज्ज्ञांनी हाच प्रश्न विचारला. वाघाच्या एकटेपणाची कणव सगळ्यांनाच आली, जागेचे गणित थोड्यांनी मांडले. तुझ्या समितीत असे गणित मांडणारा एक तरी खडूस माणूस हवा.

वन्यप्राण्यांचे कलम तर पूर्ण बदल. रोहीचे पिल्लू, बिबट्याचा बछडा, मोर, अजगर, यांतले काहीच संस्थेच्या मालकीचे होत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 39 व्या कलमाप्रमाणे वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. असा प्राणी ताब्यात आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावे लागते. तो कायम ठेवायचा तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता हवी, आणि ती दोन पत्र्याच्या शेडवर मिळत नाही. कठडा नसलेल्या विहिरीत बिबट पडला तर तुझे काम एवढेच: वनखात्याला फोन करायचा, गर्दी मागे ठेवायची, मागतील तेव्हा दोर, शिडी, बाज पुरवायची. आणि मोबाईल खिशात. पिल्लू मांडीवर घेऊन रील काढणाऱ्या कार्यकर्त्याला समितीतून कमी करण्याची तरतूद आत्ताच लिही. देणग्या त्याच रीलवर येतात, हे मला ठाऊक आहे. तरीही लिही.

तू पत्रात हेमलकशाचा दाखला दिलास. प्रकाशभाऊ आमट्यांनी शिकाऱ्यांकडून माकडाचे पिल्लू घेतले आणि त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले, हे खरेच आहे. पण तू फोटोतला बिबट्या पाहिलास, त्यामागची संस्था पाहिली नाहीस. तिथला लोकबिरादरी प्रकल्प 1973 चा, आणि तो ज्या महारोगी सेवा समितीच्या छत्राखाली सुरू झाला ती बाबा आमट्यांनी 1949 मध्ये स्थापलेली. म्हणजे पहिले माकड येण्याआधीच सभा, ठराव, हिशेब आणि माणसे यांची दोन तपांची घडी बसली होती. पुढे कायदे कडक झाले तसे त्या अनाथालयालाही प्राधिकरणाच्या चौकटीत यावे लागले. त्यांना जे चुकले नाही, ते तुला चुकेल कसे?

नांदणीची माधुरी हत्तीणही तू विसरला नसशील. तिथल्या मठात ती तीस वर्षांहून अधिक काळ होती, गावाचा जीव तिच्यावर होता. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिला जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात नेले आणि अख्खे कोल्हापूर रस्त्यावर उतरले. त्यात कोण बरोबर, यावर तुझ्या मामीशी माझे अजून वाद होतात. पण न्यायालयात तिच्या पायांचे, नखांचे, सांध्यांचे अहवाल बोलले. गावाच्या डोळ्यांतल्या पाण्याची नोंद कुठल्या रजिस्टरात नव्हती. आपल्याकडे प्रत्येक जनावराचे एक पान असू दे: कधी आले, कोणी आणले, वजन, लस, उपचार, शेवटी काय झाले. मेलेल्यांची वही वेगळी, आणि तीत कारण लिहिल्याशिवाय ओळ पुरी धरायची नाही.

आता तुझ्या कार्यकारी मंडळाकडे येतो. सात नावे आहेत. तू, तुझी बायको, तुझा भाऊ, दोन मेहुणे आणि दोन मित्र. सात हा आकडा कायद्याला पुरतो, पण ही सभा नाही, दिवाळीची पंगत आहे. तुझ्याविरुद्ध हात वर करेल असा यात एकही नाही. निम्मी नावे बाहेरची घे. एक पशुवैद्यक घे. आणि ज्याचा मका रोहींनी उभा खाल्ला आहे असा एक शेतकरी नक्की घे. तो तुम्हाला दर सभेत शिव्या घालेल, पण गावात संस्थेची पत तोच राखेल. पीक नुकसानीचे अर्ज भरून देण्याचे काम संस्थेने अंगावर घेतले, तर त्याच्या शिव्या थोड्या कमी होतील. कडबा कोणाकडून घ्यायचा यावर चर्चा निघाली की ज्याच्या घरचा कडबा आहे त्याने बाहेर जाऊन बसायचे, हेही घटनेतच असू दे.

जमिनीचे प्रकरण मात्र मला झोपू देत नाही. दोन एकर दाजींच्या नावावर आहे. त्यावर तू देणगीच्या पैशातून शेड, हौद, बोअर करणार. सातबारा दाजींचा, पैसा लोकांचा. उद्या वाटणी झाली की काय? एक तर दाजींनी नोंदणीकृत बक्षीसपत्र करून द्यावे, नाहीतर लांब मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा करावा. बक्षीसपत्र केले तर पुढे ती जमीन धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येणार नाही, हे दाजींना आधी नीट समजावून सांग. ते नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे, आणि मग दुसरी जागा बघ. यावर ताईला मध्ये घालू नकोस.

पैशाचे थोडक्यात. मुंबईची पांजरापोळ 1834 ची, अजून चालू आहे, कारण व्यापाऱ्यांनी सुरुवातीलाच मालावर पट्टी बसवून कायमची मिळकत लावून दिली. तू राज्याच्या देशी गाईमागे रोज 50 रुपये अनुदानावर अंदाजपत्रक बेतले आहेस. ते मिळेल तेव्हा मिळेल, कडबेवाला महिनाअखेर येतो. सहा महिन्यांचा चारा हाताशी असल्याशिवाय पहिले जनावर घेऊ नकोस. लेखापरीक्षण दरवर्षी, आणि पदाधिकारी बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज. हे दोन चुकवले की पुढचे सगळे अडते.

एक कलम तुझ्या मसुद्यात अजिबातच नाही. संस्था बंद पडली तर? मालमत्ता समान उद्दिष्टाच्या दुसऱ्या संस्थेला जाईल, हे छापील वाक्य तू उतरवलेस. पण जनावरे कुठे जातील? कोणत्या गोशाळेशी, कोणत्या केंद्राशी तसा लेखी करार आहे? तू आजारी पडलास तर सकाळी पाणी कोण दाखवणार, त्याचे नाव लिही. नाव सुचत नसेल तर संस्था अजून झालेली नाही, असे समज.

दुरुस्त मसुदा पाठव, मी परत बघतो. तोवर पावतीपुस्तके छापू नकोस आणि नोंदणी व बँक खाते होईपर्यंत कुणाकडून एक रुपयाही घेऊ नकोस.

तुझा,
मामा